ठोका सोडून जाणारे अल्बम

"लिहा," बाई म्हणाल्या. "चौथ्या गाण्यात या मंडळींनी मला औषधांच्या दुकानासमोर उभं केलं आणि पळ काढला."

जावयाने फोनवर टाइप केलं. मग थांबून विचारलं, "पळ काढला, असंच लिहू का आई?"

"मग काय लिहिणार? रजेवर गेले? रजेवर जाणारा माणूस निदान अर्ज देऊन जातो. हे चांगले धबधब करत माझ्याबरोबर चालत होते आणि ऐन मोक्याला ठोका बंद! मागे नुसता वारा. कोणी एक बया आ-आ करतेय, पाखरं ओरडतायत, आणि मी आपली एक पाय पुढे टाकून उभी. दुकानदार बाहेर येऊन विचारतो, काही हवंय का. हवंय म्हटलं, ठोका हवाय, आहे का तुझ्याकडे? पुढे लिहा. पहिल्या तीन गाण्यांत शिस्त आहे. आवाज स्वच्छ आहेत. पण विश्वास टाकण्यासारखी माणसं नव्हेत."

जावयाने शब्द न शब्द लिहिला, खाली नेहमीप्रमाणे 'शिट्टी' अशी सही केली आणि सायकेडेलिक ट्रान्स नावाचं धबधब ठोक्याचं नाचायचं संगीत ऐकणाऱ्यांच्या ग्रुपवर पाठवून दिलं. कपातला चहा निवायच्या आत तिकडे भांडण जुंपलं. ही शिट्टी कोण समजते स्वतःला, ठोका थांबतो तोच तर गाण्याचा आत्मा, तिथेच तर माणूस हवेत तरंगतो, वगैरे वगैरे. जावयाने एकेक वाचून दाखवलं.

"तरंगा म्हणावं," बाई म्हणाल्या. "मला रस्ता ओलांडायचाय."

आता त्या ग्रुपवरच्या पोरांना काय कल्पना, की ही शिट्टी म्हणजे एका शाळेच्या पीटीच्या बाई आहेत, रिटायर होऊन जमाना झालाय आणि त्या गाण्यांना कानांनी नव्हे, पायांनी मार्क देतात!

झालं होतं असं, की बाईंना कंपवात झाला होता. नावात कंप असला तरी बाईंचे हात फारसे थरथरत नसत. त्यांचे पाय चिकटत. चांगल्या चालत असताना दाराचा उंबरठा आला, वळण आलं, समोरून दोन माणसं आली, की पाय जागच्या जागी. डोकं म्हणतंय चल, आणि पाय ढिम्म. आयुष्यभर ज्या बाईने अख्ख्या शाळेचे पाय एका हुकमावर उचलले, तिचेच पाय तिचा हुकूम मानेनात. या गोष्टीचं बाईंना वाईट वाटत होतं का? वाटत असेल. पण आधी राग येत होता, आणि तो इतका येत होता की वाईट वाटायला सवडच मिळत नव्हती.

आणि पाय हवे होते ते कशासाठी, तर अक्कासाठी. बाईंची थोरली बहीण समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहायची. मध्ये फक्त रस्ता. दुपारी चारच्या चहाला बाई अक्काकडे जात, पाऊसपाणी, आजारपण काही असो. अक्काचे गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे ती खाली उतरत नसे. फोन करायची सोय नव्हती, कारण अक्काला ऐकू येत नसे. फोन कानाला लावून ती नुसती "कोण? कोण बोलतंय?" असं ओरडायची आणि मग "कोणी नाहीये" म्हणून ठेवून द्यायची. अक्काशी बोलायचं तर समोर बसून, तोंडाकडे बघूनच बोलावं लागे. एवढी वर्षं दोघी रोज बोलत आल्या होत्या आणि अजून विषय संपले नव्हते.

एका दुपारी त्या रस्त्याच्या मधोमध बाईंचे पाय चिकटले. सिग्नल बदलला. हॉर्न वाजायला लागले, तसे पाय आणखीच घट्ट. शेवटी एक टेम्पोवाला खाली उतरला, दुसरा कोणीतरी आला आणि दोघांनी मिळून बाईंना कपाट उचलतात तसं उचलून फुटपाथवर ठेवलं. "सांभाळून हां आजी," असं म्हणून ते गेले. अक्काने हे सगळं खिडकीतून पाहिलं होतं.

त्याच आठवड्यात लेकीने चाकांची खुर्ची आणली.

लेक वाईट नव्हती हो. घाबरली होती बिचारी. पण घाबरली की ती हुकूम सोडायची, आणि हा गुण तिने कुणाकडून उचलला ते सांगायला नको. "यापुढे एकटीने रस्त्यावर जायचं नाही. मी रविवारी तुला खुर्चीतून मावशीकडे नेत जाईन," तिने जाहीर केलं.

"रविवारी? आणि बाकीचे दिवस अक्काने काय खिडकीशी गप्पा मारायच्या?"

"आई, तू मधोमध उभी होतीस! गाड्यांच्या मधोमध!"

"उभी होते ना? पडले तर नव्हते?"

खुर्ची पॅसेजमध्ये उभी राहिली आणि अक्काकडची चारची फेरी बंद पडली. बाई तिच्यावर ओले टॉवेल वाळत घालू लागल्या. डॉक्टरांनी त्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती: जे वापरणार नाही ते जाणार. त्यामुळे एकदा का त्या खुर्चीत बसलो की पाय कायमचे सुटीवर जाणार, हे बाईंनी ओळखलं होतं. आणि सुटीवर गेलेली पोरं परत रांगेत आणताना काय नाकी नऊ येतात, ते पीटीच्या बाईंना कोणी शिकवायला नको.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईने एक छोटं टिकटिक करणारं यंत्र दिलं होतं. "ठोक्यावर पाऊल टाका, पाय सुटतील," ती म्हणाली. म्हणणं खरं होतं, पण ती टिकटिक ऐकून बाईंना त्यांच्या सासूची आठवण व्हायची. दोन फेऱ्या मारल्या की डोकं उठायचं. मग ते यंत्र कपाटात गेलं.

मग आले जावई.

जावई लिफ्टचा मेकॅनिक होता. दिवसभर कुठल्या ना कुठल्या बिल्डिंगच्या गच्चीखालच्या खोलीत, तारा आणि चक्रं यांच्यात. घरी आला की गुपचूप जेवायचा, गुपचूप कोपऱ्यात बसायचा. बाईंचं त्याच्याबद्दलचं मत लग्नापासून एकच होतं: मुलगा चांगला आहे, पण घरात आहे की नाही ते कळत नाही. एकदा तो बाथरूमच्या दाराच्या बिजागरीला तेल देत होता. बाई उंबरठ्याशी चिकटून उभ्या होत्या आणि मनातल्या मनात उंबरठ्याला शिव्या घालत होत्या. जावयाच्या खिशातल्या फोनवर काहीतरी वाजत होतं, बारीक आवाजात. धब, धब, धब, धब. आणि बाईंचा डावा पाय उचलला गेला. मग उजवा. बाई थेट आत, आणि आतून पुन्हा बाहेर!

"हे काय वाजतंय?" बाईंनी विचारलं.

जावयाने घाईघाईने फोन बंद केला. चोरी पकडल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

"बंद काय करता? लावा!"

तेव्हा कुठे कळलं की हा मुखदुर्बळ माणूस पंचवीस वर्षं सायकेडेलिक ट्रान्स ऐकतोय, तरुणपणी मोकळ्या माळावर उजाडेपर्यंत नाचलाय, आणि लेकीला त्या धबधब आवाजाने डोकेदुखी होते म्हणून लग्नानंतर लिफ्टच्या खोलीत एकटाच ऐकतोय. बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "जावईबापू, तुम्ही नाचता?" त्यांनी विचारलं, आणि जावई कानापर्यंत लाल झाला.

तिथून बाईंचं शिक्षण सुरू झालं. सकाळी नाश्त्यानंतर पॅसेजमध्ये फेऱ्या, मग जिना, मग आवार, मग कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत जावयाबरोबर. दर चार ठोक्यांतल्या पहिल्या, जोरकस ठोक्यावर डावा, एक ठोका सोडून उजवा, पुन्हा एक सोडून डावा. असं केलं की चाल सावकाश पण पक्की पडत असे. काही अल्बम इतके पळणारे होते की बाई दोन मिनिटांत बाजूला करत. "मागे कुत्रं लागलंय का यांच्या?" काहींत ओल्या फरशीवर चप्पल घसरल्यासारखे आवाज असायचे, ते मात्र बाईंना भलतेच आवडायचे. एका अल्बमला त्यांनी 'बेडूकवाला' असं नाव ठेवलं होतं, कारण त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत काहीतरी डरांव डरांव करत असे, आणि ठोका असा की घड्याळ लावून घ्यावं. दुसऱ्या एकात मध्येच कोणी गृहस्थ घोगऱ्या आवाजात विश्वाच्या उत्पत्तीवर बोलायला लागत. बाईंनी त्याला नापास केलं. "कवायत चालू असताना भाषण नाही," त्या म्हणाल्या.

पण सगळ्यांत एकच खोट होती. कितीही चांगला अल्बम असो, अगदी बेडूकवालासुद्धा, कुठे ना कुठे ठोका थांबायचाच. ग्रुपवरचे त्याला ब्रेकडाउन म्हणत. जावई समजावून सांगायचा, "आई, तिथे मुद्दाम थांबतात. ठोका गेल्यावर माणूस त्याची वाट बघतो. मग तो परत आला की जो आनंद होतो ना, त्याच्यासाठी सगळं असतं."

"माणूस वाट बघतो, बरोबर. पण कुठे उभं राहून बघतो ते यांनी विचारलंय का?" बाई म्हणायच्या, आणि जावई पुढचा अल्बम लावायचा.

ज्या दिवशी लेक टॉवेल काढून खुर्ची पुसायला लागली, त्या दिवशी बाईंनी तोंड उघडलं. तहच मांडला म्हणा ना.

"येत्या रविवारी मी रस्ता ओलांडून अक्काकडे जाणार. एकटी. तू या बाजूला उभी राहायचंस, जावईबापू त्या बाजूला. मला कोणी हात लावायचा नाही. पोचले, तर ही खुर्ची घरातून जाईल आणि मी रोज जाईन. नाही पोचले..." बाईंनी खुर्चीकडे पाहिलं. "नाही पोचले, तर बसेन खुर्चीत. कुरकुर करणार नाही."

लेकीने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा पंख्याकडे बघत होता. "एक कान मोकळा ठेवायचा," लेक शेवटी म्हणाली. "आणि मी हाक मारली तर ऐकायची."

"दोन्ही कबूल."

आता प्रश्न होता तो अल्बमचा. बाई दिवसभर ऐकत, एकामागून एक, आणि एकामागून एक नापास करत. हा तिसऱ्या गाण्यात पळतो. हा पहिल्यातच पळतो, निदान लपवाछपवी करत नाही. ग्रुपवर शिट्टीने सरळ विचारलं: ज्यात ठोका एकदाही थांबत नाही असा अल्बम कुणाला माहीत आहे का? लोकांनी हसून घेतलं. एकाने लिहिलं, असा अल्बम म्हणजे भिंतीला खिळा ठोकणं. बाईंच्या कपाळावरची आठी दोन दिवस उतरली नाही. चहाच्या वेळी त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहत. समोर अक्का दिसायची. अक्का हाताने खुणा करून काहीतरी विचारायची, बाई हाताने काहीतरी सांगायच्या, आणि दोघींनाही कळायचं नाही.

शुक्रवारी जावई कामावरून आला तो हसतच. "आई, एक नवीन मिळालाय. कुणाचा आहे ते नक्की माहीत नाही. ऐकून बघा."

बाईंनी खुर्चीत, म्हणजे लाकडाच्या, बसून सगळा ऐकला. बेडूकवाल्याचाच भाऊबंद वाटत होता, तीच डरांव डरांव, पण ठोका कुठेही थांबत नव्हता. एकदाही नाही. मग पॅसेजमध्ये चालून पाहिलं. पॅसेजच्या टोकाला वळलं की गाणं पुन्हा पहिल्यापासून, असा बाईंचा नियम होता. कवायत चुकली तर सुरुवातीपासून, तसंच हे. डावा, उजवा, डावा, उजवा. पाय लोण्यातून सुरी जावी तसे.

"हा माणूस शिस्तीचा आहे," बाई म्हणाल्या. "हा जो कोणी आहे, त्याला माझ्याकडून शाबासकी कळवा."

जावई इतका खूश झाला की जेवताना स्वतःहून बोलला. हवेबद्दल बोलला, पण बोलला.

रविवार उजाडला. चारला थोडा अवकाश असताना बाई पांढरे कॅनव्हासचे बूट घालून फुटपाथवर उभ्या राहिल्या. हे बूट शाळेतले होते. गळ्यात शिट्टीही होती, का ते विचारायची लेकीची हिंमत झाली नाही. लेक इकडच्या खांबाशी, ओठ दाबून. जावई पलीकडे अक्काच्या गेटपाशी. वर खिडकीत अक्का, काय चाललंय याचा पत्ता नसलेली.

गाड्या थांबल्या. बाईंनी गाणं लावलं, एका कानात. दोन-चार ठोके जाऊ दिले. मग डावा पाय फुटपाथवरून खाली पडला, अगदी जोरकस ठोक्यावर.

डावा. उजवा. डावा. उजवा. पांढरे पट्टे एकेक करून मागे पडत होते. बाईंची मान ताठ होती. तो टेम्पोवाला उभा राहिला होता ती जागा आली आणि मागे गेली. बाईंना मनातून हसू आलं. आता अर्ध्याहून कमी राहिलं.

आणि तिथे काहीतरी झालं.

ठोका थांबला नव्हता. ठोका चालूच होता, धब, धब, धब, एकसारखा. पण जोरकस ठोका आला तेव्हा बाईंचा उजवा पाय जमिनीवर होता. उजवा! जिथे डावा हवा तिथे उजवा. कानाला यातलं काहीही कळलं नसतं. शुक्रवारी बसून ऐकताना कळलंही नव्हतं. पण जिने चाळीस वर्षं मैदानात एका चुकणाऱ्या पायावरून अख्खी रांग थांबवली, तिच्या पायांना ते चुकून कसं चालेल? डावा म्हणाला माझी पाळी, उजवा म्हणाला माझी, आणि दोन्ही पाय जागेवर चिकटले.

बाईंना एका क्षणात सगळं समजलं. हा कुठला नवीन अल्बम? हा बेडूकवालाच. ठोका थांबतो तो तुकडा कोणीतरी कापून टाकलाय आणि दोन टोकं जोडलीत. जोडताना दोन ठोके खाल्लेत. आणि असलं प्रेमाचं गाढवकाम करणारा माणूस या जगात एकच होता आणि तो समोर गेटपाशी पांढराफटक पडून उभा होता.

सिग्नल बदलला. मागचा एक हॉर्न वाजला, मग दुसरा.

"आई!" लेकीची हाक आली. तिची पावलं धावत आलेली बाईंनी मोकळ्या कानाने ऐकली.

बाईंनी मागे न बघता हात वर केला. तळवा पसरून. हा हात ज्याने मैदानात पाहिलाय तो जन्मात विसरायचा नाही. लेक त्याच मैदानात, त्याच शाळेत शिकलेली होती. ती पट्ट्यांवर एक पाय ठेवून जागच्या जागी थांबली. हॉर्न वाजवणारासुद्धा, का कोण जाणे, थांबला.

बाई भयंकर घाबरल्या होत्या. छातीत ठोके पडत होते ते गाण्यापेक्षा जोरात. एक मन म्हणत होतं, बोलाव तिला, कशाला हा हट्ट, बस त्या खुर्चीत आणि सुट. आणि त्याच वेळी त्यांना पहिल्या रांगेतलं एखादं पोर आठवलं असेल, सगळ्यांच्या उलट पाय टाकणारं, रडकुंडीला आलेलं. अशा पोराला बाईंनी कधी रांगेतून बाहेर काढलं नव्हतं. पाय चुकला म्हणून काही कोणी घरी जात नाही. पाय चुकला तर बदलायचा असतो. त्यासाठी हुकूम आहे.

"कदम..." बाई स्वतःला म्हणाल्या. मोठ्याने. तोच आवाज, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. "बदल!"

मागचा पाय उचलून पुढच्या टाचेशी. पुढचाच पुन्हा पुढे. एवढंच असतं ते. मुलांना शिकवताना आठवडा जातो, पण जमलं की जमलं. जोरकस ठोका आला आणि डावा पाय त्याच्या बरोब्बर खाली पडला.

डावा. उजवा. डावा. उजवा. बाई फुटपाथवर चढल्या, जावयाच्या समोरून त्याच्याकडे न बघता गेल्या आणि गेटच्या आत शिरल्या. मागे लेक रस्त्याच्या कडेला खाली बसली आणि रडायला लागली. जीव भांड्यात पडला की ती रडायची, लहानपणापासून.

वर गेल्यावर अक्काने दार उघडलं आणि बाईंना आपादमस्तक न्याहाळलं. "इतके दिवस कुठे होतीस गं धाकटे? आणि खाली कशाला ओरडत होतीस?"

"तुला ऐकू आलं?" बाईंनी तोंड समोर धरून विचारलं.

"तेवढंच आलं," अक्का म्हणाली. "बस. चहा गार होतोय."

थोड्या वेळाने लेक आणि जावई वर आले. लेकीने डोळे धुतले होते. ती म्हणाली, ठरल्याप्रमाणे खुर्ची घरातून जाईल, हवं तर मावशीला देऊ, तिचे गुडघे दुखतात. हे दोनदा ओरडून सांगितल्यावर अक्का भडकली. "मला? मी काय म्हातारी झालेय?" म्हणाली, आणि तो विषय तिथेच मिटला.

जावई दाराशीच उभा होता. "आई," तो म्हणाला, "तो अल्बम..."

"मला कळलंय."

"मी दहा वेळा ऐकला होता. कुठे जोड कळत नव्हता. मला वाटलं, एवढं एक तुमच्यासाठी..."

"जावईबापू, तुम्ही बसून ऐकलंत. आता रोज माझ्याबरोबर चालून ऐकायचं." बाईंनी त्याच्या हातात स्वतःचा कप दिला. सासूने स्वतःचा कप दिल्यावर जावयाला तो पिणं भागच होतं. तो प्यायला. मग बाई म्हणाल्या, "ते कापलेले तुकडे फेकून दिलेत की आहेत?"

"आहेत. मूळ अल्बमच आहे फोनमध्ये, सगळा."

"मग जाताना तो लावा."

"मूळचा?" लेक आणि जावई एकदम म्हणाले. "आई, त्यात ठोका थांबतो. बरोबर रस्त्याच्या मध्यावर थांबेल तो, हिशोबाने."

"ठाऊक आहे. मीच नापास केलाय त्याला." बाईंनी बुटाची नाडी घट्ट केली. त्याला वेळ लागला, कोणी मदत केली नाही. "इतके दिवस मी त्या पोरांना शिव्या घालतेय, की तुम्ही ठोका सोडून जाता. जातात म्हणावं, गेले तर गेले. ठोका काही त्यांच्या बापाचा नाही. चला."

खाली आल्यावर लेक पलीकडे जाऊन उभी राहिली. गाड्या थांबल्या. बाईंनी डावा पाय टाकला. बेडूक डरांव डरांव करत होते, ठोका घड्याळासारखा पडत होता, आणि मधला पट्टा आला तसा ठोका गेला. वारा सुटला. इथेही कोणी बया आ-आ करायला लागली, पाखरं ओरडायला लागली.

"डावा," बाई म्हणाल्या. "उजवा. डावा. उजवा."

आवाज सुरुवातीला थोडा कापरा होता, मग ठाम झाला. मध्ये एकदा उजवा पाय अडला, तेव्हा त्यांनी त्याला नाव घेऊन दटावलं आणि तो निघाला. पलीकडे लेक फुटपाथवर उभी होती. तिचे ओठ हलत होते आणि तिच्याही नकळत तिचे पाय जागच्या जागी पडत होते, डावा, उजवा, आईच्या हुकमाबरोबर. मागून जावई येत होता, दोन पावलं अंतर राखून, पायात पाय मिळवून.

ठोका परत आला तेव्हा बाई फुटपाथवर उभ्या होत्या. कानात सगळे आवाज एकदम उसळून वर आले, आणि जावई ज्या आनंदाबद्दल सांगत असे तो काय असतो, ते बाईंना पहिल्यांदा कळलं. त्या तशाच उभ्या राहिल्या, डोळे मिटून, गाणं संपेपर्यंत. कोणी त्यांना हात लावला नाही.

मग त्यांनी डोळे उघडले.

"लिहा," बाई म्हणाल्या. "बेडूकवाला पास."